वॉर्मरची फाईल

"परत एकदा कर," अण्णा म्हणाले.

मी परत एकदा केलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ थोडा वेळ उलटसुलट झालं आणि पुन्हा तीच राखाडी चौकट आली. परवाना सापडला नाही. खाली एकच बटण होतं, 'ओके'. त्या सकाळी मी ते अकराव्यांदा दाबत होते.

"ओके कसलं त्यात," अण्णा खुर्चीमागून म्हणाले. "सीडी आपली, कॉम्प्युटर आपला, सर्किट आपलं. मग उघडत का नाही?"

"डाँगल नाही ना अण्णा. कॉम्प्युटरच्या मागे लावायची ती काळी डबी. ती असल्याशिवाय हे सॉफ्टवेअर फाईल उघडत नाही."

"आणि डबी कुठं आहे?"

सुहास भोकरे खरेदी बघायचा. तो दारातूनच म्हणाला, "ताम्हनकर सर घेऊन गेले. त्यांच्या नावावर होती."

ताम्हनकरांचं नाव निघालं की अण्णा विषय बदलायचे. तेव्हाही ते नुसतं "बरं" म्हणाले आणि शॉपमध्ये, यंत्रं जोडायच्या भागात, निघून गेले.

ही २०१२ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि कुपवाड एमआयडीसीतल्या अण्णासाहेब मगदुमांच्या कंपनीत इलेक्ट्रॉनिक्स बघत होते. बघत होते म्हणजे मी एकटीच होते. कंपनी नवजात बाळांचे वॉर्मर बनवायची. कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याला ज्या गादीवर ठेवतात, ज्याच्या डोक्यावर हीटर असतो, ते यंत्र. बाळाच्या पोटाला एक बारीक प्रोब चिकटवतात, तो अंगाचं तापमान सांगतो आणि त्यानुसार आतला बोर्ड हीटर कमीजास्त करतो. हा बोर्ड पंधरा वर्षांपूर्वी ताम्हनकरांनी काढला होता. मी यायच्या आधीच ते कंपनी सोडून गेले होते. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

अडचण अशी झाली की बोर्डावरची मुख्य चिप बनवणाऱ्यांनी ती चिपच बंद केली. नवी चिप मिळत होती, पण तिचे पाय वेगळे, म्हणजे बोर्ड नव्याने काढायला हवा. त्यासाठी जुनी फाईल उघडायला हवी. आणि फाईल त्या राखाडी चौकटीच्या पलीकडे.

इकडे जुने वॉर्मर बिघडून परत येत होते आणि आमच्याकडे बदलायला बोर्ड नव्हते. एका ग्रामीण रुग्णालयातल्या शेंडगे सिस्टर दर सोमवारी फोन करायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागायचं.

"मॅडम, झालं का काही?"

"थोडे दिवस सिस्टर."

"बरं. आम्ही टेबललॅम्पचा बल्ब लावून ठेवतोय बाळांना. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

मी आधी सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला. ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. दुसऱ्या कंपनीतल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की ते उत्पादन आता चालू नाही, नवं घ्या. नव्याला दर वर्षी भाडं भरायचं. आणि जुनी फाईल त्यात उघडेल का, विचारल्यावर ती म्हणाली, "प्रयत्न करून बघता येईल."

"दर वर्षी?" अण्णांनी विचारलं. "आणि एखाद्या वर्षी नाही भरलं तर?"

"तर पुन्हा हीच चौकट."

सुहास दुसऱ्या दिवशी एक सीडी घेऊन आला. तिच्यावर मार्करने काहीबाही लिहिलं होतं. "क्रॅक आहे, डबीशिवाय चालतं. सगळ्या पुण्यात हेच वापरतात. तुम्हीच एवढ्या सोवळ्यात बसलाय."

मी वापरलं, त्याच्याच कॉम्प्युटरवर, खोटं कशाला सांगू. सॉफ्टवेअर उघडलं. फाईल मात्र, 'पुढच्या आवृत्तीत बनवली आहे', असं सांगून बंद झाली. आणि त्या क्रॅकबरोबर आत काय आलं कोण जाणे, सुहासच्या कॉम्प्युटरवरच्या तीन वर्षांच्या ऑर्डरी वाचता येईनात. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, जणू सीडी मीच आणली होती.

शेवटी मी ताम्हनकरांना फोन लावला. ते कराडला राहायचे.

"ताम्हनकर बोलतोय."

"नमस्कार सर. मी यास्मिन शिकलगार, मगदूम अण्णांच्या कंपनीतून..."

"पुढे?"

"वॉर्मरच्या बोर्डाची फाईल उघडून हवी होती. किंवा तुम्ही डाँगल दोन दिवस..."

"तुम्ही इंजिनिअर आहात?"

"हो सर."

"ज्याला सर्किट कळतं त्याला फाईल लागत नाही. बोर्ड आहे ना समोर? काढा त्यावरून." आणि फोन बंद.

आठवड्याने पुन्हा केला. "मी सांगितलंय तुम्हाला," एवढंच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोने उचलला आणि ते झोपलेत म्हणून सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते.

मला इतका राग आला की मी खरंच बोर्डावरून काढायला बसले.

पण काढायचं कशात, हा प्रश्न होताच. मी ठरवलं, की आता जे घेईन ते असं हवं, की उद्या मी नोकरी सोडली, कंपनी विकली गेली, सॉफ्टवेअर बनवणारे देशोधडीला लागले, तरी फाईल उघडली पाहिजे. फुकट मिळणारी तीन सापडली. पहिलं दिसायला देखणं, पण तुमचं सर्किट त्यांच्या वेबसाइटवर ठेवायचं. म्हणजे किल्ली पुन्हा दुसऱ्याकडेच. दुसरं तळहाताएवढ्या बोर्डापर्यंत फुकट, आमचा बोर्ड त्याच्या दुप्पट. तिसरं ओपन सोर्स होतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणाच्या मालकीचं नाही. आणि दिसायला इतकं ओबडधोबड, की पहिल्या दिवशी मला साधी रेघ ओढता येईना. सर्किट एका खिडकीत काढायचं, बोर्ड दुसरीत, आणि दोघांचं जमवून द्यायचं काम आपलं. आमचा रिले, म्हणजे हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, त्याच्या यादीत नव्हता. प्रोबचं सॉकेट नव्हतं. एकेक भाग कॅलिपरने मोजून मीच काढला.

चौथ्या दिवशी मी वैतागून त्याने सेव्ह केलेली फाईल नोटपॅडमध्ये उघडली. वाटलं, नेहमीसारखा चौकोनांचा आणि चिन्हांचा चिखल दिसेल. तर सरळ वाचता येत होतं. ओळीमागून ओळ. हा रेझिस्टर, त्याची किंमत ही, तो इथे आहे, त्याचं हे टोक त्याला जोडलंय. सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी माणूस नुसतं वाचून बोर्ड पुन्हा काढू शकेल. मी अण्णांना बोलावून दाखवलं.

अण्णा चष्मा लावून वाकले. "फुकट आहे, म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"ज्याचे पैसे दिले होते ते तरी कुठं जबाबदार आहेत?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी ते हो समजले.

पुढचे सहा आठवडे मी भंगारातले तीन मेलेले बोर्ड घेऊन बसले. मल्टीमीटरची एक तार इथे, दुसरी तिथे, टीं वाजलं की रेघ काढायची. चारशे दहा जोडण्या. सॉफ्टवेअर अधूनमधून बंद पडायचं आणि तासाभराचं काम घेऊन जायचं. मग मी दर दहा मिनिटांनी सेव्ह करायला शिकले. अण्णा दिवसातून दोनदा येऊन "किती राहिलं?" विचारायचे. सोमवारी सिस्टर विचारायच्या. घरी अब्बा विचारायचे. मला स्वप्नातही टीं ऐकू यायला लागलं होतं.

त्या तीन बोर्डांपैकी दोघांच्या पाठीवर एक निळी वायर होती. हाताने डाग दिलेली, वरून वॉर्निश. प्रोबच्या सॉकेटपासून निघून रिलेकडे जाणारी. तिसऱ्या बोर्डावर ती नव्हती. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेल्या नकाशातही नव्हती.

सुहास म्हणाला, "रिपेअरीत मारली असेल कुणीतरी."

मी अण्णांना विचारलं. त्यांनी बोर्ड हातात घेतला, वायर बघितली आणि बोर्ड टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवला. "जुनं काहीतरी आहे. सोड ते."

सोडलं. मॅन्युअलमध्ये नाही, तीनपैकी एकावर नाही, मालक सोड म्हणतायत. नव्या बोर्डात मी ती वायर घेतली नाही.

पहिला नमुना बंगळूरहून करून आला आणि चक्क चालला. प्रोब हातात धरला की हीटर मंद व्हायचा, सोडला की लाल. प्रोब सॉकेटमधून उपसला की भोंगा वाजायचा आणि हीटर बंद. अण्णांनी सगळ्या शॉपला पेढे दिले. शेंडगे सिस्टरना मी स्वतः फोन केला आणि म्हटलं, पंधरा दिवसांत नक्की.

दोन दिवसांनी दुपारी मी चिपमधला प्रोग्रॅम सुधारत होते. माझ्याच चुकीने तो मधेच अडकला. अडकला म्हणजे मेला नाही, आहे तिथे थिजला. हीटर तेव्हा चालू होता, तो चालूच राहिला. मी प्रोब उपसून टेबलावर ठेवला आणि भोंगा वाजायची वाट बघितली. वाजला नाही. हीटर तसाच लाल. गादीवर मी एक साधा थर्मामीटर ठेवला होता. एकोणचाळीस. एक्केचाळीस. मी कशाची वाट बघत उभी होते मला अजून सांगता येत नाही. चव्वेचाळीसला मी भिंतीतला प्लग खेचला.

मग मी जुन्या बोर्डासारखी एक वायर नव्या बोर्डाच्या पाठीवर डाग देऊन लावली. प्रोग्रॅम मुद्दाम थिजवला. प्रोब उपसला. टक्. रिले पडला, हीटर विझला. प्रोग्रॅम जिवंत असो की मेलेला, त्या वायरीला काही देणंघेणं नव्हतं. प्रोब निघाला की रिलेची वीजच तुटत होती.

एवढी महत्त्वाची वायर, आणि ती कुठल्याच कागदावर नाही. मग अशा आणखी किती गोष्टी असतील, ज्या त्या न उघडणाऱ्या फाईलमध्येच आहेत? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि मिरजेहून कराडची एसटी पकडली. फोन केला नाही. केला असता तर ते पुन्हा झोपले असते.

दार ताम्हनकरकाकूंनी उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी एकदा आत बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "या. चिडले तर मनावर घेऊ नका."

ताम्हनकर खिडकीपाशी बसले होते. उंच, वाळलेले, अंगात हातविणीचा स्वेटर. "मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं," ते म्हणाले. "मगदुमांनी पाठवलं?"

"त्यांना माहीत नाही मी आलेय ते."

मी नवा बोर्ड त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला आणि सगळ्यात आधी उलटा केला. माझी कालची वायर बघितली. डाग ताजा होता, वॉर्निश नव्हतं.

"ही आत्ता लावलीय."

"हो सर. बोर्डात मी घेतली नव्हती."

"घेतली नव्हती?" त्यांचा आवाज एकदम बसला. "असे किती बोर्ड गेलेत बाहेर?"

"एकही नाही. हा पहिलाच." मग मी सगळं सांगितलं. थिजलेला प्रोग्रॅम, चव्वेचाळीस अंश, सगळं. "सर, फाईल मला देऊ नका. फक्त उघडून दाखवा. मी इथेच बसून बघते आणि जाते. आणखी काय काय सुटलंय एवढंच मला कळू दे."

त्यांनी बोर्ड बाजूला ठेवला. मला वाटलं आता हाकलतील. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा की तिला. किती दिवस असं धरून बसणार?"

ताम्हनकर उठले. कपाटातून त्यांनी ती काळी डबी काढली, पिशवीत, वर रबर बांधून ठेवलेली. ती एका जोडणीच्या तारेत खोचली, तार कॉम्प्युटरला लावली आणि फाईलवर दोनदा टिचकी मारली.

राखाडी चौकट आली. परवाना सापडला नाही.

त्यांनी 'ओके' दाबलं. "चार वर्षं झाली. जुना कॉम्प्युटर जळाला. नव्याला डबी लावायचं ते पोर्ट नाही. ही तार आणली, ती चालत नाही. कंपनीला पत्रं लिहिली. त्यांनी उत्तर दिलं की हे उत्पादन आता नाही." पडद्याकडे बघतच ते बोलत होते. "बावीस वर्षांचं काम आहे यात. वॉर्मर, दूध तपासायचं यंत्र, साखर कारखान्याचे वजनकाटे. मीच काढलेलं मला बघता येत नाही. आणि तुम्ही फोन करून फाईल मागत होता."

दोन महिने मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते, तो माझ्यासारखाच त्या चौकटीसमोर बसून होता. फक्त माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त.

"तुम्ही तसं सांगितलं असतं तर..." मी म्हटलं.

"काय सांगायचं? की ताम्हनकरला स्वतःची फाईल उघडत नाही?"

काकूंनी चहा आणला. मग ताम्हनकरांनी वायरीचं सांगितलं, बोर्ड हातात फिरवत.

"दोन हजार तीनचा मार्च. एका तालुक्याच्या दवाखान्यात प्रोब निघाला. त्याच वेळी प्रोग्रॅम अडकला, तुमचा अडकला तसाच. नर्स दुसऱ्या बाळंतिणीकडे होती. येईपर्यंत बाळाची पाठ भाजली. जगलं ते, पण भाजलं. चूक माझी होती. नुसत्या प्रोग्रॅमवर मी विसंबायला नको होतं. मी रातोरात ही वायर काढली... म्हणजे, विचार करून काढली. मगदुमांना म्हटलं, सगळे वॉर्मर परत बोलवा, पत्र पाठवा. ते म्हणाले, वायर लाव, पण कागदावर घेऊ नकोस. कागद झाला की चूक कबूल केल्यासारखं होतं, कंपनी बसेल, साठ माणसं रस्त्यावर येतील."

"मग?"

"मग मी गेलो. एसटीने. पिशवीत सोल्डरिंग आयर्न आणि निळी वायर. त्रेपन्न दवाखाने. सर्व्हिसिंगला आलोय म्हणायचं, मागचं झाकण उघडायचं, वायर मारायची. सात महिने लागले. काही वॉर्मर सापडलेच नाहीत. तुमच्याकडचा तिसरा बोर्ड त्यातला असेल. त्रेपन्नावा झाला त्या दिवशी राजीनामा दिला." त्यांनी वायरीवर बोट ठेवलं. "कागदावर नको म्हणाले म्हणून फाईलमध्ये मात्र काढून ठेवली होती. तारीख घालून. म्हटलं, पुढे कुणी फाईल उघडली तर त्याला कळेल."

कॉम्प्युटरचा पंखा तेवढा वाजत होता.

मी माझा लॅपटॉप काढला. आधी सॉफ्टवेअरमध्ये सर्किट दाखवलं, मग तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बोट पडद्यावर ठेवून वाचायला सुरुवात केली, शाळेतलं मूल वाचतं तशी. एका ओळीवर थांबले.

"हे कुणालाही उघडेल?"

"कुणालाही."

"डबीशिवाय? भाड्याशिवाय?"

"हो सर."

"मी गेल्यावर?"

"काहीतरी बोलू नका," काकू म्हणाल्या.

"अगं, त्यासाठीच तर विचारतोय."

चारच्या एसटीपर्यंत आम्ही बसलो. माझ्या नकाशात त्यांनी दोन चुका काढल्या. एक रेझिस्टर मी मेलेल्या बोर्डावरून मोजला होता, त्याची किंमत दसपट चुकली होती. तो तसाच गेला असता तर प्रोब हळूहळू खोटं बोलायला लागला असता. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी ते सॉफ्टवेअर घालून दिलं. निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, "दिसायला फार वाईट आहे हो हे." आणि पहिल्यांदाच जरासे हसले.

दुसऱ्या दिवशी मी नवी वायर बोर्डात पक्की छापील रेघ म्हणून घेतली आणि नकाशात शेजारी टीप लिहिली. ही जोडणी का आहे, कुठल्या साली काय झालं. मग अण्णांच्या केबिनमध्ये जाऊन ती त्यांच्यासमोर ठेवली.

अण्णांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, चार ओळी होत्या तरी.

"कराडला गेली होतीस."

"हो."

"रेघ ठेव," ते म्हणाले. "टीप काढ."

"अण्णा, उद्या कुणीतरी पुन्हा माझ्यासारखं करेल. ही काय कामाची म्हणून काढून टाकेल."

"रेघ बोर्डातच आहे ना आता? मग कोण काढतंय? टीप काढ म्हणतोय मी. नऊ वर्षांनी उकरून काय मिळणार? तुझंही घर या कंपनीवर चालतं."

ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते विनवल्यासारखं बोलले. मी टेबलाशी परत आले आणि टीप काढली. चार ओळी, एक कळ दाबली आणि गेल्या. इतक्या दिवसांच्या सगळ्या चिडचिडीत मला स्वतःचा राग फक्त तेव्हा आला.

ती फाईल तपासायला म्हणून ताम्हनकरांना पाठवली. टीप काढल्याचं लिहिलं नाही. लाज वाटली.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी मेल आली, एका ओळीची. 'तपासले. एक दुरुस्ती केली आहे.' फाईल जोडलेली होती. मी उघडली. सर्किट तसंच, जोडण्या तशाच. मग बोर्डाची पाठ उघडली, पांढऱ्या शाईने छापायच्या अक्षरांचा थर चालू केला, आणि दिसलं. इतर सगळीकडे यंत्राचं इंग्रजी होतं, पण त्या रेघेलगत मराठी होतं, आणि टाईप केलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर शाईने लिहून, त्याचा फोटो काढून, तो बोर्डावर बसवला होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावरून छाप बनवायची सोय एका कोपऱ्यात होती. ती मी त्यांना दाखवली नव्हती, मलाच माहीत नव्हती. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने तीन दिवस बसून शोधून काढली होती.

'प्रोब निघाल्यास हीटर तोडणारी जोडणी. काढू नये. २००३ साली ही नव्हती म्हणून एक बाळ भाजले. चूक माझी. ग. वि. ताम्हनकर.'

माझ्या हाताखाली तीच कळ होती. अण्णा शॉपमध्ये होते, त्यांचा आवाज येत होता. मी फाईल जशी होती तशी बंगळूरला पाठवली. एकशेवीस बोर्ड. अण्णांना विचारलं नाही, सांगितलंही नाही.

बारा दिवस मी नीट जेवले नाही. राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला. तेराव्या दिवशी खोका आला, आणि नेमके अण्णाच गेटवर होते. त्यांनीच तो माझ्या टेबलावर आणला, चाकूने टेप कापली, वरचा बोर्ड काढून सुलटा बघितला आणि म्हणाले, "छान झालाय."

मग उलटा केला.

ते ट्यूबलाइटखाली गेले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. मी उभी राहिले. सुहास बिलावर सही घ्यायला आला होता, तोही दारात थांबला. अण्णांनी खोक्यातून दुसरा बोर्ड काढला, त्याची पाठ बघितली, तिसरा काढला, चौथा काढला.

"सगळ्यांवर आहे?"

"सगळ्यांवर आहे, अण्णा."

त्यांनी बोर्ड टेबलावर ठेवले, चारही पालथे, अक्षरं वर. माझी खुर्ची ओढून तिच्यावर बसले. ड्रॉवर त्यांच्या गुडघ्यापाशीच होता. मी तो उघडायला हात पुढे करणार, तेवढ्यात ते बोलले.

"त्याचंच अक्षर आहे," ते म्हणाले. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "चूक माझी, असं लिहिलंय त्यानं."

"हो."

"माझं नाव घातलेलं नाही."

"नाही, अण्णा."

मग सुहासकडे न बघताच त्यांनी बिलासाठी हात पुढे केला, सही केली आणि उठले. "बोर्डांवर पार्ट चढवायला घ्या," ते म्हणाले. "आणि त्या तिसऱ्या बोर्डासारखे, वायर नसलेले, कुठं कुठं राहिलेत त्याची यादी कर. ताम्हनकरला फोन लावून दे मला. माझ्या केबिनमध्ये."